पाच जणांना पाच गोष्टी

घर दाखवायला आलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे पगाराच्या स्लिपा मागितल्या नाहीत. जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये घर शोधताना तोवर मी अकरा घरमालक पाहिले होते. अकराही जणांनी आधी स्लिपा, मग बँकेचं पत्र आणि मग "तुम्ही मसाले फार परतता का" हे त्याच क्रमानं विचारलं होतं. ह्यानं विचारलं, "तुझं शेवटचं भांडण कोणाशी झालं?"

मी गडबडलो. म्हटलं, "बायकोशी. आज सकाळी. तुमच्या घराच्या पत्त्यावरून."

"कोण बरोबर निघालं?"

"ती."

"आल्झो, ठरलं तर," तो म्हणाला, "एक तारखेपासून राहायला या."

पुढे कधीतरी त्यानं ह्या प्रश्नाचा उलगडा केला. ज्याला एकही भांडण आठवत नाही, तो माणूस कोणीतरी पाठवलेला असतो, असा त्याचा सिद्धांत होता. असे सिद्धांत त्याच्याकडे बरेच होते. "दोन माणसं म्हणजे मैत्री, तीन म्हणजे संघटना आणि चार म्हणजे फूट," हा त्यातला आवडता. मी आणि माझी बायको मुग्धा तोंडावर त्याला 'तुम्ही' म्हणायचो, पण वरच्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात तो 'म्हातारा'च होता. त्यात अनादर नव्हता. चार वर्षं आम्ही त्याच्या डोक्यावर राहिलो आणि तो आमच्या डोक्यात राहिला.

म्हातारा पॅलेस्टिनी. हैफाजवळच्या एका गावातून आईच्या कडेवर बसून निघालेला, लेबनॉनमधल्या छावणीत वाढलेला. साठीच्या दशकात रसायनशास्त्र शिकायला जर्मनीत आला आणि जन्मभर इथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाला. बायको जर्मन होती. आम्ही यायच्या चार वर्षं आधी ती वारली. दारावरच्या घंटीपाशी अजून तिचं माहेरचं आडनाव होतं. त्याचं स्वतःचं नाव त्या इमारतीत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

त्याच्याकडे पाच किल्ल्या होत्या आणि त्या पाच खिशांत असायच्या. सगळ्या एका कडीत अडकवल्या तर चोराला एकदम सगळं घर मिळतं, म्हणून. परिणामी म्हातारा स्वतःच्याच दारात पाच-पाच मिनिटं चोरासारखा चाचपडत उभा असायचा. प्लास्टिकच्या कचऱ्याचा पिवळा 'झाक', म्हणजे पिशवी, आमच्याकडे दर पंधरवड्याला उचलायचे. ती पिशवी पारदर्शक. कोण काय खातं, कोणती औषधं घेतं, सगळं रस्त्यावर उघडं. म्हणून म्हातारा आपला झाक दोन गल्ल्या सोडून दुसऱ्याच कोणाच्या दारात ठेवून यायचा. तिथल्या बाईनं एकदा त्याला पकडलं आणि चांगलं झापलं. त्या बाईला आपल्यावर लक्ष ठेवायला बसवलंय, असा निष्कर्ष त्यानं काढला. एकदा दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

पण मी त्याला काय हसणार? माझ्या मनातही कमी चांदणं नव्हतं. म्हातारा तरुणपणी कुठल्याशा सशस्त्र गटात होता, हे मला शेजारणीकडून पहिल्याच महिन्यात कळलं. माझा कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज तेव्हा परदेशी लोकांच्या कचेरीत पडून होता. मुग्धाला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पण आपल्याला काही प्रॉब्लेम नाही ना होणार? त्या फॉर्ममध्ये घरमालकाचं नाव लिहिलंयस तू." मग मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर त्याचं नाव शोधलं. अर्धा तास शोधलं, काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हातारा म्हणाला, "काय मिळालं?"

"कशाचं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला आणि शिट्टी वाजवत खाली गेला. त्याला कसं कळलं ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित तो प्रत्येक भाडेकरूला दुसऱ्या महिन्यात हा प्रश्न विचारत असेल.

गटाबद्दल तो आपणहून बोलायचा, आणि भरपूर बोलायचा, पण ताकास तूर लागू द्यायचा नाही. सदुसष्टच्या युद्धानंतर एक मोठी आघाडी उभी राहिली. तिच्यातून एक गट फुटला, त्या गटातून आणखी एक फुटला, आणि त्या फुटलेल्याच्या फुटलेल्या गटाची जर्मनीतली शाखा म्हणजे म्हातारा आणि इतर पाच जण. "तुमच्या हातात बंदूक होती?" मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाला, "माझ्या हातात स्टेन्सिल होतं. पण बंदूकवाल्यांची पत्रकं मी छापत होतो, तेव्हा माझे हात धुतलेले आहेत असं समजू नकोस." हे त्यानं अगदी सरळ सांगितलं.

मुख्य फूट बैरुतमधल्या एका बैठकीत पडली. जर्मनीतून तिथे एकटा म्हातारा गेला होता. ती फूट कशावरून पडली, ते त्यानं मला बागेत बसून रंगवून सांगितलं. सायक्लोस्टाइल मशीन एकच, दावेदार दोन. एका बाजूनं मशीनचा रूळ काढून नेला, दुसरीनं हँडल. पुढे सहा महिने दोन्ही गट एकही पत्रक काढू शकले नाहीत. मी पोट धरून हसलो आणि रात्री जेवताना तो किस्सा मुग्धाला सांगायला लागलो.

"मशीन नाही रे," ती म्हणाली. "जेवणावरून झालं ते. पुढाऱ्यानं बाकीचे यायच्या आधीच मेंढा कापून खायला सुरुवात केली. मला त्यांनी परवा लिंबाचं लोणचं घेताना सांगितलं."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पकडलं. त्याला जराही संकोच वाटला नाही. उलट आपली कारागिरी कोणीतरी ओळखली ह्याचा आनंद झाला. ही त्याची जुनी पद्धत. एकच गोष्ट प्रत्येकाला थोडी वेगळी सांगायची. मग ती कुठूनतरी फिरून आपल्या कानावर आली, की कोणाच्या तोंडून गेली ते कळतं. "तुमच्या कारखान्यात प्रत्येक मालावर बॅच नंबर टाकतात ना? तसंच," तो म्हणाला. मी पंपांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम करतो, त्यामुळे मला हे लगेच पटलं आणि त्याबद्दल माझा मलाच राग आला.

त्याच सुमारास आमच्या भागातलं मराठी मंडळ फुटलं. गणपती दीड दिवसाचाच बसवायचा की सुट्टी बघून शनिवार-रविवारी, ह्यावरून सुरुवात झाली आणि दोन आठवड्यांत व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप झाले. मी म्हाताऱ्याला ही गंमत म्हणून सांगितली. तो मात्र एकदम खुर्चीत पुढे सरकून बसला. वीस वर्षांनी एखाद्या वैद्याकडे अवघड केस यावी तशी त्याची मुद्रा झाली.

"मोठी पातेली कोणाकडे आहेत?"

"पातेली? जुन्या अध्यक्षांच्या तळघरात."

"मग तोच खरा पक्ष. दुसरे वर्षभरात परत फुटतील. त्यांच्यात सगळ्यांत गोड कोण बोलतो? तो आधी निघेल." आणि अक्षरशः तसंच झालं. गोड बोलणारे सद्गृहस्थ पुढल्या गणपतीच्या आधी निघाले आणि त्यांनी न्युरेम्बर्गच्या लोकांना हाताशी धरून तिसरं मंडळ काढलं. तेव्हापासून मुग्धा म्हाताऱ्याला मोदक पाठवताना कोणाच्या पातेल्यातले ते सांगायची नाही.

हे सगळं हसण्यावारी जायचं. एक गोष्ट तेवढी जायची नाही. हायडेलबर्गचं नाव निघालं की म्हातारा बोलायचा थांबायचा.

हायडेलबर्गमध्ये त्या पाचांतला एक राहत होता. त्याचं नाव म्हातारा घेत नसे, म्हणून आम्हीही त्याला 'हायडेलबर्गवाला'च म्हणायचो. छावणीत ह्या दोघांचे तंबू शेजारी. दोघं एकाच जहाजानं युरोपात आले. मग ऐंशीच्या सुमाराला म्हातारा पूर्व बर्लिनला कुठल्याशा परिषदेला गेला असताना, तिथल्या एका अधिकाऱ्यानं कॉफी पुढे करत त्यांच्या बंद खोलीतल्या बैठकीची तारीख आणि जागा सहज बोलून दाखवली. म्हणजे पाचांतलं कोणीतरी फुटलं होतं. पुढे बैरुतहून आल्यावर म्हाताऱ्यानं पाच जणांना फुटीच्या पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि सापळ्यात काय अडकतं त्याची वाट बघत बसला. काहीच अडकलं नाही. बाकीचे म्हणायला लागले, "हायडेलबर्गवाल्याला राहायचा परवाना सगळ्यांच्या आधी कसा मिळाला?" शेवटी एका रविवारी मतदान झालं. पाच हात वर, त्यातला पहिला म्हाताऱ्याचा. हायडेलबर्गवाल्याला खबऱ्या ठरवून काढून टाकलं. त्यानंतर इथल्या एकाही पॅलेस्टिनी घरात त्याला कोणी बोलावलं नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नालासुद्धा नाही.

उरलेले पाच पुढे तिघं आणि दोघं असे फुटले, मग तिघांतले दोघं आणि एक. तो एक म्हणजे म्हातारा. "माझ्या नवऱ्याच्या पक्षात एकच सभासद आहे आणि त्याचंही स्वतःशी पटत नाही," असं त्याची बायको म्हणायची म्हणे. हे सांगताना तो हसायचा, मग लगेच खिसे चाचपायचा.

आम्ही राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी त्याची नजर गेली. म्हणजे पूर्ण नाही. समोरचं मधलं दिसेना, कडेकडेचं दिसे. त्यामुळे तो माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघायचा. तेव्हा एका संध्याकाळी तो एक अंत्राग घेऊन वर आला. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी आपल्याबद्दल काय लिहून ठेवलं होतं, ते ज्याचं त्याला बघायला मिळतं. त्यासाठीचा हा अर्ज. इतकी वर्षं त्यानं तो केला नव्हता, कारण अर्ज करायचा तर स्वतःचं नाव आणि पत्ता लिहून द्यावा लागतो.

"मीच का?" मी विचारलं.

"तू अरबांतला नाहीस, जर्मनांतला नाहीस आणि तुला तुझ्या परवान्याची भीती आहे. घाबरट माणूस बाहेर बोलत नाही."

मला हे लागलं. पण खोटं नव्हतं. अर्ज मी भरला आणि म्हाताऱ्यानं माझ्या बोटाच्या आधारानं सही केली.

उत्तर यायला दोन वर्षांच्या वर लागली. मधल्या काळात माझा परवाना आला, सुंठीवाचून खोकला गेला, घरमालकाबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. मग एका शनिवारी सकाळी जाडजूड पाकीट आलं. म्हाताऱ्यानं खिडक्या लावल्या, रेडिओ सुरू केला आणि मला वाचायला बसवलं.

आत सरकारी टंकलेखनातली शंभरेक पानं होती. बऱ्याच नावांवर काळी पट्टी मारलेली, माहिती देणाऱ्यांची फक्त टोपणनावं. मी वाचत होतो आणि तो माझ्या कानाकडे बघत ऐकत होता. बाविसाव्या पानावर आलं: बैरुतची फूट सायक्लोस्टाइल मशीनवरून पडल्याचं समजतं. म्हाताऱ्यानं एक बोट दुमडलं. चाळिसाव्या पानावर, वेगळ्या टोपणनावाच्या माणसाकडून: पुढाऱ्यानं इतरांच्या आधी जेवायला सुरुवात केल्यावरून. दुसरं बोट. पुढे मॉस्को की पेकिंग ह्यावरून, आणि मग अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण बसलं ह्यावरून. चार माणसं, चार गोष्टी. चौघांनी, एकमेकांच्या नकळत, त्याच अधिकाऱ्यांसमोर बसून मन मोकळं केलं होतं. ज्या चौघांनी हात वर करून पाचव्याला खबऱ्या ठरवलं, तेच चौघं.

मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मग पुन्हा सुरुवातीपासून चाळलं. अंगठा दुमडायची वेळ आलीच नाही.

"पाचवी गोष्ट नाही," मी म्हटलं. "तो नव्हता."

म्हाताऱ्यानं तो न दुमडलेला अंगठा चाचपून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे तो सगळ्यांत हुशार निघाला. सांगितलंच नाही त्यानं. त्याला सापळा कळला होता."

मला मनापासून संताप आला. चार वर्षांत मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "आमच्या कारखान्यात पाच पंप तपासले, चार गळले आणि एक नाही गळला, तर त्या पाचव्याला आम्ही हुशार म्हणत नाही! चांगला पंप म्हणतो! तुम्ही त्या माणसाचं आयुष्य नासवलंत आणि अजून तुम्हाला..." पुढे मला जर्मन सुचेना. मी उरलेलं मराठीत बोललो. त्याला ते बरोबर कळलं असावं.

"त्याला काय सांगितलं होतंत?" मी शेवटी विचारलं. "पाचवी गोष्ट काय होती?"

"त्याला खरं सांगितलं होतं."

मग त्यानं मलाही सांगितलं. बैरुतच्या बैठकीत प्रश्न एवढाच होता, की निरपराध प्रवासी मेले तर चालतील का. चालतील म्हणणाऱ्यांनी हात वर करायचा. म्हाताऱ्याला हात वर करायचा नव्हता आणि खाली ठेवायची भीती वाटत होती, म्हणून त्यानं डोकं खाजवलं. मोजणाऱ्यानं तो हात मोजला. "मी हरकत घेतली नाही," तो म्हणाला. "त्या गटानं पुढे जे केलं ते पेपरात वाचत राहिलो. हे मी फक्त त्याला सांगितलं. माझ्या बायकोलासुद्धा नाही."

आपली लाज ज्याला ठाऊक, त्याचाच माणसाला सगळ्यांत जास्त संशय येतो, हे मला तेव्हा कळलं. खरं सांगायचं तर त्याच वेळी माझ्या मनात असंही आलं, की ही सहावी गोष्ट नसेल कशावरून? चार वर्षांच्या संगतीचा परिणाम. पण सांगता सांगता त्याचा हात नकळत पुन्हा डोक्याकडे गेला होता, आणि तो हात काही मला खोटा वाटला नाही.

आठवडाभर तो जिन्यात दिसला नाही. पुढच्या शनिवारी दार वाजलं. कोट घालून, फाईल काखेत धरून म्हातारा उभा. "हायडेलबर्गला ने," एवढंच म्हणाला.

जुन्या गावापासून लांब, एका साध्या इमारतीचा तिसरा मजला. लिफ्ट नव्हती. म्हातारा कठड्याला धरून एकेक पायरी चढला. दार उघडलं ते एका सडपातळ, नीटनेटक्या म्हाताऱ्यानं, अंगात विणलेलं जाकीट. त्यानं ह्याला ओळखलं आणि चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. आमचा म्हातारा अरबीत बोलायला लागला. मला एक अक्षर कळलं नाही, पण आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. बोलता बोलता त्यानं फाईल पुढे केली.

हायडेलबर्गवाल्यानं ती घेतली नाही. त्यानं उत्तर दिलं ते जर्मनमध्ये. ह्याच्याशी मायबोलीत बोलायचीसुद्धा त्याची तयारी नव्हती.

"मी नव्हतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुला कळायला फाईल लागली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही एवढ्या लांब गाडी चालवत आलात. आत या, चहा घ्या. ह्याला खाली थांबू दे."

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो म्हणेल, चल परत. तो माझ्या कानाकडे बघत हळूच म्हणाला, "जा. आणि तो काय बोलतो ते मला येऊन सांग."

मी आत गेलो. हायडेलबर्गवाल्यानं चहा ठेवला, पुदिना टाकला, आणि पहिला घोट घ्यायच्या आत विचारलं, "त्याच्या डोळ्यांना काय झालंय?" मी सांगितलं. "स्वयंपाक कोण करतं?" कधी तो, कधी माझी बायको, मी म्हटलं. "पायऱ्या चढताना डावा गुडघा धरत होता. तो छावणीत पडला होता तेव्हापासूनचा आहे." मग त्यानं माझा कप पुन्हा भरला. मी निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "त्याची बायको गेल्याचं मी पेपरात वाचलं होतं. मी आलो होतो दफनाच्या वेळी, स्मशानात. मागे, झाडांना पाणी घालायचा नळ असतो ना, तिथे उभा होतो. हे त्याला सांगू नका. मी काही विचारलं हेही सांगू नका."

मी शब्द दिला आणि खाली आलो. म्हातारा गाडीत सरळ समोर बघत बसला होता. फाईल मांडीवर होती.

"काय म्हणाला?"

मी इमानी माणूस आहे असं माझं माझ्याबद्दल मत होतं. दिलेला शब्द मी तीन जिने उतरेपर्यंत पाळला. मग सगळं सांगितलं, डोळे, स्वयंपाक, गुडघा, नळ, एकही शब्द गाळला नाही की बदलला नाही.

"नळाजवळ?" म्हाताऱ्यानं विचारलं. "छत्री घेऊन?"

"छत्रीचं नाही बोलले."

"एक माणूस उभा होता तिथे. मला वाटलं, माझ्या पाळतीवर आहे. तेव्हा मला नीट दिसायचं. मी सगळा वेळ त्याच्यावर नजर ठेवून होतो." हात फाईलीवरून उचलून त्यानं तोंडावर धरला.

"तिची पेटी खाली सोडत होते," तो म्हणाला, "आणि मी तिच्याकडे बघितलंच नाही."